टीबीची काच : लाल काड्या मोजल्या, निळ्या पेशींचं काय?

काचवाला · मंगळवार, रात्री ९:४०

नाव वाचून कोणी काचेचा व्यापारी समजू नये. सव्वीस वर्षं मी सरकारी प्रयोगशाळेत थुंकीच्या काचा वाचल्या. राजापूर तालुका. आता निवृत्त, चार हापूसची कलमं आणि एक म्हातारी गाय एवढाच व्याप.

धागा काढायचं कारण वाडीतलं. आमच्याकडचा एक मुलगा मुंबईत कामाला आहे. गणपतीला आला तो खोकतच आला. तपासलं, टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या. मग घरातल्यांची तपासणी. त्याच्या बायकोच्या हातावर टोचलं, तिसऱ्या दिवशी गाठ आली चौदा मिलिमीटर. एक्स-रे स्वच्छ. खोकला नाही, ताप नाही, वजन होतं तेवढंच. पण वाडीत बातमी फिरली ती 'तिलापण लागला' अशी. पितृपक्षात चुलत सासऱ्यांकडे म्हाळ होता. दरवर्षी वडे तिच्या हातचे असतात. यंदा तिला बोलावलंच नाही, आणि कोणीतरी तिचं ताट-भांडं वेगळं ठेवायचा सल्ला देऊन गेलं.

आता थोडं काचेबद्दल. थुंकीचा पातळ थर काचेवर पसरायचा, वर लाल कार्बोल फुक्सिन ओतायचं, खालून स्पिरिटचा दिवा. वाफ दिसली की दिवा बाजूला. उकळलं की काच फुकट. मग आम्ल. त्यात बाकी सगळ्याचा लाल रंग धुऊन निघतो, टीबीच्या जंतूचा निघत नाही, कारण त्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो. शेवटी निळा रंग. भिंगाखाली बघितलं की निळ्या पसाऱ्यात लाल बारीक काड्या, कधी सुट्या, कधी जोडीने. मिलिलिटरमागे पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय त्या दिसतही नाहीत.

नोकरीभर मी लाल मोजत बसलो. तो निळा पसारा म्हणजे बहुतेक आपल्याच पेशी, मारायला आलेल्या आणि मेलेल्या. त्यांच्याकडे बघायला ना वेळ होता ना नोंदवहीत रकाना. निवृत्तीनंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं, खरी गोष्ट निळ्यांची आहे.

खोकल्यातले मोठे थेंब खाली पडतात. पाच मायक्रॉनहून बारीक कण मात्र कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगतात आणि श्वासाबरोबर थेट वायुकोशांत उतरतात. (म्हणून म्हणतो, ताट-वाटी वेगळी करून काही होत नाही. खिडकी उघडा.) तिथे गस्तीला असते मॅक्रोफेज, म्हणजे पुस्तकातली महाभक्षी पेशी. ती जंतूला गिळते. इथे प्रकरण मिटायला हवं, पण हा जंतू तिच्या पोटात बिऱ्हाड करतो. आतड्यातला ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळजवळ एक दिवस लागतो. इतका सावकाश की शरीरात आरडाओरडा होतच नाही.

पुढे काही पेशी त्याला उचलून छातीतल्या लसिकाग्रंथींत नेतात, तिथे टी-पेशींना (रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) त्याची ओळख पटवतात, त्या वाढतात आणि फुप्फुसाकडे निघतात. या सगळ्यात दोन ते आठ आठवडे जातात. टी-पेशी पोचल्या की इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात आणि सुस्तावलेल्या मॅक्रोफेज खडबडून जाग्या होतात. जंतू बहुतेक वेळा तरीही पूर्ण मरत नाही. मग पेशी त्याच्याभोवती गडगा घालतात. पुस्तकात याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. आपल्या कलमांच्या बागेला असतो तसाच गडगा : चुना नाही, सिमेंट नाही, चिऱ्याला चिरा लावून बसवलेला. मॅक्रोफेज चपट्या होऊन एकमेकींत गुंततात, काही तर एकत्र मिसळून एकच मोठी पेशी होते आणि तिची केंद्रकं कडेने घोड्याच्या नालेसारखी रांगेत बसतात. बाहेरून टी-पेशींचा पहारा.

त्या सुनेच्या हातावरची गाठ म्हणजे याचाच छोटा नमुना. कातडीत जंतूच्या प्रथिनांचा थेंब टोचला, तिच्या टी-पेशींनी ओळखला आणि दोन दिवसांत तिथे जमल्या. तिच्या पेशींची त्या जंतूशी गाठ पडलेली आहे, इतकंच त्यातून कळतं. अशा लोकांपैकी जन्मभरात पाच ते दहा टक्क्यांनाच रोग होतो. तिच्या थुंकीत काही नाही, ती कोणाला काही देऊ शकत नाही. वडे तर नाहीच नाही.

---

बांगडा_फ्राय · मंगळवार, रात्री १०:१५

काकानू, झकास लिवलात. पण माका एक कळूक नाय. पेशी जंतूक गिळतत, मगे तो मरणा कित्याक नाय? आमच्या पोटात गेलेलो बांगडो कधी जिवंत रवलो हा?

---

काचवाला · मंगळवार, रात्री १०:५०

बांगडा, प्रश्न लाखातला.

पेशी काही गिळते तेव्हा ते एका पिशवीत अडकतं. मग दुसऱ्या पिशव्या येऊन तिला चिकटतात, त्यांत आम्ल आणि पाचक रसायनं असतात. आगळ (कोकमाचा आंबट रस) म्हण हवं तर. दोन पिशव्या एक झाल्या की आतलं विरघळतं. टीबीचा जंतू हे जोडकामच अडवतो. त्याच्या अंगावरचे मेणकट पदार्थ आणि तो सोडतो ती प्रथिनं मिळून त्याची पिशवी कोवळीच ठेवतात, आगळाची पिशवी शेजारी येऊन परत जाते. वर त्याच्याकडे एक यंत्रणा आहे, तिने तो पिशवीला भोकं पाडतो. इंटरफेरॉन गॅमाचा निरोप आला की मॅक्रोफेज पुन्हा जोर करून आगळ ओतते, आम्ल वाढवते, नायट्रिक ऑक्साइडसारखी विषं बनवते.

तुझा बांगडा गिळायच्या आधी तव्यावर जातो, हाही फरक आहेच.

---

सुरंगी · बुधवार, सकाळी ७:३०

काका, छान धागा. मूळची गुहागरची, सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते. एका गोष्टीवर मात्र भांडणार आहे : तुमचा गडगा.

ग्रॅन्युलोमा म्हणजे जंतूला डांबणारी भिंत, हे आम्हीही असंच शिकलो. पण शास्त्रज्ञ ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिश या बोटाएवढ्या माशावर काम केलं. त्याची पिल्लं काचेसारखी पारदर्शक, त्यामुळे जिवंत पिल्लाच्या आत पेशी हलताना दिसतात. त्यांना टीबीच्या जंतूचा जवळचा भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम मरायनम, टोचला. दिसलं ते असं : एक मॅक्रोफेज मरते, तिला उचलायला नव्या येतात, त्या मेलेलीला गिळतात आणि आतल्या जंतूंसकट स्वतःच बाधित होतात. काही तिथून निघून दुसरीकडे नवा गोळा सुरू करतात. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत हा गडगा जंतूलाच आयतं मनुष्यबळ पुरवतो.

(हा मरायनम माणसालाही होतो बरं का. मासे साफ करताना काटा लागला किंवा फिशटँकमध्ये जखमेचा हात घातला, तर बोटावर महिनोन्‌महिने न भरणारी गाठ येते. थंड अंग आवडतं त्याला, म्हणून हातापायांवरच राहतो. बंदरावर काम करणाऱ्यांनी अशी गाठ आली तर डॉक्टरला 'मी मासळीत हात घालतो' हे आधी सांगावं.)

---

काचवाला · बुधवार, सकाळी ९:०५

सुरंगीताई, मान्य. गडगा घालायला आलेल्या गड्यांनाच आतला रानडुक्कर फूस लावतो, असं म्हणू या?

पण मग ज्या नव्वद टक्क्यांना जन्मभर काही होत नाही, त्यांच्यात कोण राखतं?

---

सुरंगी · बुधवार, सकाळी ९:४०

दोन्ही खरं आहे, म्हणून तर विषय अवघड. माकडांवरच्या प्रयोगांत एकेका ग्रॅन्युलोमाचा वेगळा हिशोब ठेवला. एकाच माकडाच्या एकाच फुप्फुसात एक गोळा पूर्ण निर्जंतुक झालेला आणि त्याच्या शेजारचा फुटायला आलेला. शरीर तेच, रक्त तेच. प्रत्येक गोळा साधारण एकाच जंतूपासून सुरू होतो आणि आपापलं नशीब घेऊन चालतो. 'या माणसाची प्रतिकारशक्ती चांगली' असं सरसकट म्हणणं मला त्यामुळे पटत नाही. शंभर गडगे शाबूत आणि एक ढासळला, तरी रोग होतो.

---

निरोगी_कोकण · बुधवार, दुपारी १:२०

एवढं किचकट कशाला? प्रतिकारशक्ती वाढवा, टीबी जवळ येणार नाही. हळद, गुळवेल, सकाळी कोमट पाण्यात आमसूल. आमच्या आजोबांना कधी सर्दी झाली नाही. या गोळ्यांनीच माणूस खंगतो.

---

खाडीपलीकडे · बुधवार, दुपारी ३:१०

मी छातीचा डॉक्टर, चिपळुणात. आमसुलाला विरोध नाही, सोलकढी रोज पितो. 'वाढवा' या शब्दाला आहे.

टीएनएफ नावाचं एक रसायन आपल्या पेशीच सोडतात. ते कमी पडलं तर गडगा सुटतो. संधिवाताच्या काही रुग्णांना हे रसायन रोखणारी इंजेक्शनं देतात. त्यांच्यात झोपलेला टीबी उठल्याचं २००१मध्येच लक्षात आलं, म्हणून आता ती देण्याआधी टीबीची तपासणी करतात. सुरंगीताईंच्या त्याच माशांत उलटंही दिसलं : टीएनएफ जास्त झालं की मॅक्रोफेज फुटून मरते आणि जंतू मोकळे होतात. कमी नको, जास्तही नको.

आणि रुग्णाला जो त्रास होतो त्यातला बराचसा पेशींच्याच मारामारीचा असतो. गोळ्याच्या मध्यभागी पेशी मरून नासलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा भाग तयार होतो. तो घट्ट आहे तोवर ठीक. पातळ झाला, पेशींनी सोडलेल्या रसायनांनी आजूबाजूचं फुप्फुस खाल्लं आणि श्वासनलिकेला तोंड फुटलं, की झाली पोकळी. हवा मिळते, जंतू कोटींनी वाढतात आणि खोकल्यातून बाहेर. एक्स-रेवरचं ते गोल भोक जंतूने एकट्याने पाडलेलं नसतं. टी-पेशी निकामी झालेल्या एचआयव्हीच्या रुग्णांत टीबी भयंकर असतो, पण अशा पोकळ्या कमी दिसतात. यावरून काय ते समजा.

आजोबांच्या काळाबद्दल एकच. औषधं नव्हती तेव्हा थुंकीत जंतू असलेले साधारण निम्मे रुग्ण पाच वर्षांत जात. काही आपोआप बरेही होत. गावात दिसत ते हेच.

---

ओटीवरून · बुधवार, दुपारी ४:००

अवांतर : डॉ. आनंदीबाई जोशी आमच्या कल्याणच्या. १८८६ला अमेरिकेत डॉक्टर झाल्या, १८८७ला क्षयाने गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने टीबीचा जंतू दाखवला १८८२च्या मार्चमध्ये. म्हणजे कशाने मरतोय ते ठाऊक, आणि पहिलं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडायचं होतं.

चालू द्या.

---

निरोगी_कोकण · बुधवार, सायंकाळी ५:१५

म्हणजे खाण्यापिण्याचा काहीच संबंध नाही म्हणता?

---

खाडीपलीकडे · बुधवार, रात्री ८:३०

असं मी कुठे म्हटलं? चूर्णाचा नाही, पोटभर जेवणाचा फार मोठा आहे. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्या दहा हजारांवर माणसांवर अभ्यास झाला, २०२३मध्ये छापून आला. निम्म्या घरांतल्या माणसांना रेशन आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी. टी-पेशी बनायला प्रथिनं लागतात, उपाशी शरीर त्या बनवणार कशातून? सुकट, कुळीथ, अंडी, भरपूर भात. याला 'इम्युनिटी बूस्टर' लिहिलेली बाटली लागत नाही. आणि मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. अनियंत्रित मधुमेहात धोका दोन-तीन पट होतो.

---

नवीन_सभासद_दापोली · गुरुवार, सकाळी ११:०५

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या भाच्याला मानेत गाठ होती, टीबी म्हणून औषधं सुरू झाली. दोन महिने एक गोळी चुकवली नाही. आणि आता गाठ आधीपेक्षा मोठी झालीय, बाजूला दुसरी पण. सासूबाई म्हणतात औषध लागू पडत नाही, बंद करा. रात्री झोप लागत नाही मला.

---

खाडीपलीकडे · गुरुवार, सकाळी ११:४०

ताई, औषध बंद करू नका. हे पहिलं वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

गाठीच्या टीबीत हे आम्ही नेहमी बघतो. गोळ्यांनी जंतू पटापट मरतात, त्यांची फुटलेली टरफलं सगळीकडे पसरतात. रोगाने दबलेल्या टी-पेशी त्याच सुमारास सावरतात आणि त्या टरफलांवर तुटून पडतात. गाठ सुजते, लाल होते, कधी फुटून वाहतेही. जंतू मेलेले, भांडण चालू. पण हे फोनवरून ठरत नाही. गाठीतून सुईने नमुना काढून औषधाला न जुमानणारा जंतू नाही ना, हे तपासावंच लागतं. ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या तपासणीच्या यंत्रांवर काही तासांत कळतं. (ट्रूनॅटचं यंत्र आपल्या शेजारी गोव्यातच बनतं.) आजच त्याच्या डॉक्टरांकडे जा.

---

नवीन_सभासद_दापोली · गुरुवार, दुपारी १२:१०

उद्या सकाळच्या एसटीने नेते. वाचून दाखवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुपारची गोळी त्यांनीच काढून दिली.

---

चाकरमानी_७६ · गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांच्या दंडावर बीसीजीचा वण आहे. मग एवढा टीबी कसा? आणि तिची गाठ त्या लशीमुळेच आली नसेल कशावरून? शिवाय वडील खाणीत होते, धुळीने टीबी होतो का?

---

सुरंगी · शुक्रवार, सकाळी ८:००

वण माझ्याही दंडावर आहे. ही लस बनवणाऱ्या कालमेट आणि गेरँ यांनी गाईच्या टीबीचा जंतू १९०८पासून तेरा वर्षं पित्त लावलेल्या बटाट्याच्या कापांवर पुन्हा पुन्हा वाढवला, २३० वेळा. त्यात तो निवला. लहान मुलांच्या मेंदूचा टीबी आणि अंगभर पसरणारा टीबी या लशीने चांगला अडतो. मोठ्यांच्या फुप्फुसाचा नाही. तमिळनाडूत चेंगलपट्टूला १९६८मध्ये अडीच लाखांहून जास्त माणसांवर चाचणी सुरू झाली, आणि मोठ्यांत फायदा दिसला नाही.

आता गंमत. त्या बटाट्यांवर वाढताना जंतूने जनुकांचा एक तुकडा गमावला. काकांनी वर लिहिलं ना, जंतू पिशवीला भोकं पाडतो? ती यंत्रणा याच तुकड्यात होती. म्हणजे लशीचा जंतू पेशीत जातो, पण भोक पाडू शकत नाही. आणि त्या तुकड्यातली प्रथिनं वापरून नव्या चाचण्या केल्या आहेत. रक्त काढून त्यात ही प्रथिनं मिसळायची, रात्रभर ठेवायचं आणि टी-पेशींनी इंटरफेरॉन गॅमा सोडला का ते मोजायचं. लशीमुळे ती पॉझिटिव्ह येत नाही. जुन्या टोचणीत मात्र तुमची शंका रास्त आहे, थोडा घोळ होऊ शकतो. पण तान्हेपणी घेतलेल्या लशीचा परिणाम मोठेपणी बहुतेक विरलेला असतो, आणि घरात रुग्ण असताना चौदा मिलिमीटर म्हणजे मी तरी खरंच धरेन.

लशीवरून आठवलं. १९३०मध्ये जर्मनीत ल्यूबेकला बाळांना बीसीजी तोंडाने पाजली. तिथल्या प्रयोगशाळेत तिच्यात खरा टीबीचा जंतू मिसळला गेला होता. अडीचशेच्या आसपास बाळं, सत्तरहून जास्त दगावली. पण बहुतेक वाचली, आणि तेव्हा औषध नव्हतं. पेशी काय करू शकतात याचा इतका क्रूर पुरावा दुसरा नसेल.

---

खाडीपलीकडे · शुक्रवार, सकाळी ९:२०

धुळीचं मी सांगतो. टीबी जंतूनेच होतो, पण धूळ वाट मोकळी करते. स्फटिकरूप सिलिकाचा कण मॅक्रोफेज गिळते. पचत नाही, उलट तो कण तिची आम्लाची पिशवी आतून फोडतो आणि पेशी मरते. असं वर्षानुवर्षं झालं की गस्तच उरत नाही. धूळ-धुळीतही फरक आहे. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम जास्त. कासार्डेकडची सिलिका वाळू म्हणजे नावातच सिलिका. वडील कुठल्या खाणीत होते? खोकला असेल तर एक्स-रे काढून घ्या, आणि डॉक्टरला कामाचं आवर्जून सांगा. आमच्यातले पुष्कळ विचारत नाहीत.

---

काचवाला · रविवार, रात्री ९:१०

धागा वर काढतोय. मध्ये भातकापणी, दिवाळी, सगळंच आलं.

सुनेला आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्यात, बारा आठवडे. काल पाचवा डोस झाला. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली म्हणून घाबरून फोन केला होता. औषधाचाच रंग तो. नवऱ्याची थुंकी दोन महिन्यांनी तपासायची आहे, पण आता खोकला नाही आणि जेवतो व्यवस्थित.

आज ओटीवर येऊन बसली होती. विचारलंन, "काका, बारा डोस झाल्यावर परत टोचलं तर गाठ येणार नाही ना?"

म्हटलं, येईल. जंतू मेले तरी टी-पेशी विसरत नाहीत, वर्षानुवर्षं.

"मग लोकांना दाखवू काय?"

"एक्स-रे दाखव."

हसली. "एक्स-रे वाडीत वाचता येतो कोणाला? तुम्हालाच काय तो, आणि तुम्ही तर काचवाले."

---

बांगडा_फ्राय · रविवार, रात्री ९:२५

काकानू, तिका सांगा, पुढल्या वर्साक आमच्या म्हाळाक वडे करूक ये. पत्तो खाजगी निरोपात धाडतंय.